डाव्या हाताचा राजा

कोलशेतच्या पंढरी भोईराने आयुष्यात मन लावून एकच सिनेमा पाहिला होता, आणि तो त्याने निदान दोनशे वेळा सांगितला होता. सन सत्तावीस साली, कल्याणला, दुर्गाडीच्या पायथ्याशी नवरात्राची जत्रा भरली होती तेव्हा, तंबूत. सिनेमा मुका होता. पंढरी मुका नव्हता, त्यामुळे सिनेमात जे राहून गेलं होतं ते सगळं त्याने पुढच्या अठ्ठावीस वर्षांत भरून काढलं.

गोष्ट साधीच होती. एका राजाचं राज्य त्याचा मेहुणा लुबाडतो, राजा रानोमाळ हिंडतो, रानात एका राजकन्येवर वाघ चालून येतो, राजा तलवारीने वाघ मारतो आणि मग राज्य, राजकन्या सगळंच परत मिळतं. पण पंढरीच्या तोंडून ऐकताना राजकन्येकडे कुणाचं लक्ष नसायचं. लोक वाघासाठी यायचे. पहिल्या वर्षी हा वाघ वासराएवढा होता. चाळीस सालापर्यंत तो रेड्याएवढा झाला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्याने झेप घेतली ती लोकांच्या डोक्यांवरून, आणि शेपटीचं टोक तंबूच्या बाहेर राहिलं. सिनेमा पाहिलेलं दुसरं कुणी जवळपास नसलं की माणसाला असा मोकळेपणा मिळतो.

दुसरं कुणी म्हणजे एक आवडाबाई सोडून. आवडाबाई ही पंढरीची बायको. शिमग्याला अंगणात माणसं जमायची, पंढरी हाताला लागेल ते, कधी फावडं, कधी कालथा, उजव्या हातात उंच धरायचा आणि म्हणायचा, "आनि राजान असा हात उचलला..."

आतून, चुलीपासून, आवाज यायचा. "डावे हातान."

"उजवे हातान," पंढरी न वळता म्हणायचा.

"डावे."

लोकांना हा भाग वाघाच्या खालोखाल आवडायचा. कुणी नवीन पाहुणा असला तर शेजारी त्याला आधीच कोपराने ढोसून ठेवायचे, की आता ऐक. सगळे हसायचे, पंढरी वाघ मारून मोकळा व्हायचा. आवडाबाई मात्र हसायची नाही. तिची भाकरी त्या वेळी हमखास करपायची.

कारण तिच्यासाठी ही गंमत नव्हती. तिने राजा पाहिला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ती सोळाची, पंढरी विशीचा. सासू ठमाबाईने बरोबर नेलं म्हणून जायला मिळालं. तंबूशी पोचल्यावर पुरुष पुढच्या दाराने गेले, बायका मागच्या अंगाने. चुन्यासारखा पांढरा ओला पडदा, त्यावर माणसं चालतात, घोडे धावतात, कुठूनतरी पेटी-तबला वाजतो. आवडाबाईने पापणी हलवली नव्हती. वाघ आला तेव्हा ठमाबाईने पदर डोळ्यांवर ओढला तो शेवटपर्यंत काढला नाही, पण आवडाबाई बघत राहिली होती. राजाने तलवार डाव्या हाताने उपसली, डाव्या हाताने वाघाच्या छातीत घातली. यात शंकेला जागाच नव्हती.

होडीतली बाकीची माणसं तंबूत न शिरता नुसती जत्रा करून आली होती. परत येताना तिने शेजारच्या बाईला हळूच सांगितलं, राजान वाग डावे हातान मारला. सासरी आल्यावर चार माणसांत आपणहून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. पंढरीने ते ऐकलं आणि मान मागे टाकून हसला. "हिला डावा-उजवा तरी कलतो कं?" सगळी होडी हसली. ठमाबाई म्हणाली, "मी बगला ना. उजवाच." ज्या बाईने वाघाची मिशीसुद्धा पाहिली नव्हती तिची साक्ष घेतली गेली, आणि आवडाबाईने डोळे भरून पाहिलेलं खोटं ठरलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द, फक्त 'असंल' एवढा एक शब्द त्याने टाकला असता तरी चाललं असतं. तो दुसऱ्या कुणाला वाघ सांगत होता.

पुढे गोपीनाथ झाला आणि डावखुरा निघाला. मग काय विचारता. पोटुशी असताना सिनेमे बघते, त्याचं हे फळ, असं ठमाबाई मरेपर्यंत म्हणत राहिली. आवडाबाईच्या तोंडावर यायचं की अवो आत्याबाय, राजा उजवा होता म्हनता, तर मग माझा पोर डावा कसा? पण सुनेने असे प्रश्न तोंडावर आणायचे आणि तिथून परत गिळायचे, हीच तेव्हाची रीत. गिळून गिळून त्या प्रश्नाचा गोळा झाला होता. राजा कोणत्या हाताचा होता याचं आता तिला फारसं काही नव्हतं. आपण पाहिलं ते पाहिलं, एवढं या माणसाने एकदा, मरायच्या आधी, चार माणसांत म्हणावं, इतकीच तिची इच्छा होती.

आता पंचावन्न साल होतं. मिठागराच्या कडेची जमीन कारखान्याला गेली होती आणि पंढरीच्या अंगावर इस्त्रीचा सदरा आला होता. फावडं मारायचं उरलं नव्हतं, त्यामुळे बोलायला अधिक वेळ होता. गोपीनाथ कारखान्यात लागला होता. तो दर रविवारी ठाण्याला जाऊन बोलपट बघायचा आणि आठवडाभर तीच गाणी नाकातून म्हणायचा. एकदा तो बापालाही घेऊन गेला. गोपीनाथच्या म्हणण्याप्रमाणे बा पहिल्या गाण्यालाच झोपला. पंढरीच्या म्हणण्याप्रमाणे त्यात जागं राहण्यासारखं काही नव्हतं.

"तीन तास पोरगी रडतंय आनि एक बापया झाडामागं गातोय," तो घरी येऊन म्हणाला. "एक वाग नाय. आमचे टायमाला असं नव्हतं."

"तुमचा सिनेमा मुका होता, बा."

"मुका होता म्हनून बरा होता. आमी मनातले मनात आयकत होतो."

आवडाबाई ऐकत होती. या एका बाबतीत तिचं नवऱ्याशी एकमत होतं. त्या तंबूतल्यासारखं काही पुन्हा झालं नाही, हे तिलाही माहीत होतं. पण एकमत आहे हे सांगितलं असतं तर तो चढून बसला असता, म्हणून तिने फक्त त्याच्या ताटात आमटी वाढली.

नवरात्रात राघो बातमी घेऊन आला. राघो म्हणजे गावचा होडीवाला. मीठ घेऊन कल्याणला गेलेला, तो जत्रेतून परत आला. तिथे सिनेमाचा तंबू लागला होता. मालकाच्या बोलक्या यंत्राचा आवाज बसला होता आणि ठाण्याहून माणूस येईपर्यंत चार दिवस जाणार होते. तेवढ्यात धंदा बुडू नये म्हणून मालकाने तळातल्या पेटीतून जुना मुका सिनेमा बाहेर काढला होता.

"बाहेर पाटी लावलंय," राघो म्हणाला. "एक राजा हाय, एक वाग हाय."

पंढरी उठून उभा राहिला. चार घरांत बातमी जायला चार मिनिटंही लागली नाहीत. अठ्ठावीस वर्षं कानांनी पाहिलेला वाघ आता डोळ्यांनी बघायला मिळणार होता. संध्याकाळपर्यंत अंगणात माणसं गोळा झाली आणि कोण कोण येणार याची यादी व्हायला लागली. आवडाबाई दारात येऊन उभी राहिली. आजवर ती चुलीपासून बोलत आली होती, त्यामुळे तिला दारात पाहून लोक गप्प झाले.

"राजा डावा निगाला तर?" तिने विचारलं.

पंढरीला बायकोचा हा सूर माहीत नव्हता. पण समोर सगळं गाव होतं. "डावा निगाला तर चार मानसांत उबा राहून सांगन, आवडा खरी, मी खोटा," तो म्हणाला. "आनि उजवा निगाला तर परत चुलीवरून एक शब्द नाय. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी जायच्या आधी ती गावदेवीला जाऊन आली. राजा डावा निघू दे, नारळ देते, असं म्हणाली. मग थोडं थांबून तिने दोन नारळ कबूल केले, कारण इतक्या जुन्या राजाचा हात बदलायचा असेल तर देवीलाही एका नारळात परवडणार नाही असं तिला वाटलं.

भरती लागली तशी दुपारी होडी सुटली. राघो धरून अकरा माणसं. पंढरीने वाटेत सबंध सिनेमा सांगितला, म्हणजे जे दोन तासांनी बघायचंच होतं ते आधी ऐकून ठेवलेलं बरं. वाघ त्या दिवशी फार मोठा झाला. होडी दुर्गाडीच्या खाली लागेपर्यंत त्याने दोन घोडे आणि एक प्रधान खाल्ला होता. गोपीनाथ आईजवळ सरकून बसला आणि हळूच म्हणाला, "आये, तू हरलीस तरी वाईट वाटून घेव नको. मी हाय ना डावा."

आवडाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोरगं मोठं गुणाचं होतं, फक्त लग्नकार्यात वाढायला उभं राहिलं की माणसं ताट मागे ओढायची.

तंबू होता तिथेच होता. निदान तिला तसं वाटलं. आता पुरुष-बायका एकाच दाराने जात होत्या. आत मधोमध एक सुंभ बांधला होता, त्याच्या डाव्या अंगाला बायका, उजव्या अंगाला पुरुष. समोर पडदा. पांढरे केस झालेला एक म्हातारा पिचकारी घेऊन पडद्यावर पाणी मारत होता. ओल्या कापडाचा तो वास आवडाबाईला ओळखीचा होता. अठ्ठावीस वर्षं हा वास आपल्याला आठवत होता हे तिला आत्ता कळलं.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पडद्यावर आधी नुसत्या रेघा पडल्या, मग रेघांच्या मागून राजवाडा दिसायला लागला. राजवाड्याचा खांब राजाचा धक्का लागून हलला. कुणीतरी खुसखुसलं. मग राजा जवळ आला, सिंहासनावर बसला आणि त्याने हात उचलून मेहुण्याला आशीर्वाद दिला.

उजवा हात.

आवडाबाईने डोळे चोळले. राजाने उजव्या हाताने मिशी पिळली. उजव्या हाताने आंबा खाल्ला. रानात गेल्यावर झाडाला टेकताना तो एकदा डावा हात वर करतोसा वाटला आणि तिच्या जिवात जीव आला, पण त्याने नुसती काख खाजवली, तीही उजव्या हाताने. वाघ यायला अजून अवकाश होता आणि ती तर आत्ताच हरली होती. सुंभापलीकडून गोपीनाथने वळून तिच्याकडे पाहिलं. बाकीच्या माणसांनीही पाहिलं. राघोने तर बसल्या जागेवरून उजवा हात हलवून दाखवला. आपण पाहिलं नव्हतंच की काय, असं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं, आणि ते हरण्यापेक्षा वाईट होतं.

मग वाघ आला.

तो झुडपातून आला, आणि येताना जरा आडवा आला, कारण त्याला ओढणारी दोरी झुडपाच्या फांदीत अडकली होती. वाघ पेंढ्याचा होता. पोटाच्या शिवणीतून काड्या बाहेर आल्या होत्या, आणि एक डोळा निसटून गालावर लोंबत होता. झेप घेताना त्याचे चारही पाय जसेच्या तसे ताठ राहिले. तंबूत असा हशा उठला की मागची पोरं बाकांवर चढली. कुणी म्याव केलं. कोलशेतची माणसं आधी पंढरीच्या भिडेने गप्प होती, पण राघोला आवरेना, आणि राघो हसल्यावर मग कुणीच मागे राहिलं नाही. त्या गडबडीत फिल्म तुटली आणि दिवे लागले.

आवडाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो जिंकला होता, पण हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून तो कोऱ्या पडद्याकडे बघत होता. "हा तो वाग नाय," तो शेजाऱ्याला म्हणत होता. "मालकानं वाग बदलला."

"सिनेमात वाग कसा बदलंल, काका?"

"बदलला. तो मोठा होता."

ती उठली. तिला तिथे बसवेना, स्वतःसाठीही आणि थोडं त्याच्यासाठीही. तंबूच्या बाहेर पडून ती कडेकडेने मागे गेली. मागे पाण्याचं पिंप होतं आणि पिचकारीवाला म्हातारा पिंपाला टेकून विडी ओढत बसला होता. ती पाणी प्यायली, तोंडावर मारलं. आत लोक ओरडत होते की वाघ पुन्हा दाखवा, आणि धंद्याला हुशार असलेल्या मालकाने वाघाचं रीळ खरंच पहिल्यापासून लावलं. दिवे गेले. म्हाताऱ्याच्या पाठीमागे तंबूची कनात वर बांधलेली होती, आणि तिथून आवडाबाईला पडदा दिसला. मागून.

रान आलं. झाड आलं. राजा आला, आणि त्याने तलवार उपसली.

डाव्या हाताने.

तिने हातातलं भांडं ठेवलं. ते पिंपावर नीट बसलं नाही, खाली पडलं, तिला कळलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "हितनं बी दिसतो?"

"दिसनार की, मावशे," म्हातारा म्हणाला. त्याचं नाव काळुराम, मूळचा घाटावरचा, आणि पस्तीस वर्षं पडद्यांना पाणी मारत आलेला. "पडदा ओला का करतो मग? उजेड पार हिकडं उतरावा म्हनून. पूर्वी बायका हितंच बसायच्या. गडीमानसं म्होरं, बायका मागं. आता कोन बसतंय."

आवडाबाई पडद्याकडे बघत राहिली. आधी तिला राग आला. चांगला, पायापासून डोक्यापर्यंत राग. अठ्ठावीस वर्षं एका ओल्या फडक्यापायी आपण खोट्या ठरलो, हे कळल्यावर कुणाला येणार नाही? मग तिला त्या पदर ओढून बसलेल्या सासूची साक्ष आठवली आणि एकदम हसू आलं. आणि मग ती तरातरा पुढच्या दाराशी गेली आणि अंधारात दबक्या आवाजात म्हणाली, "अवो. जरा भायेर या."

पंढरी आला. बायको हार कबूल करायला बोलावते आहे असं त्याला वाटलं असावं, पण वाघाच्या दुःखात त्याला त्याचंही सुख नव्हतं. तिने त्याला मागे नेलं आणि पडद्यासमोर उभं केलं.

पंढरीने पाहिलं. मग तो पुढे गेला, दाराचा पडदा उचलून समोरून पाहिलं, परत मागे आला. पुन्हा पुढे गेला. मागे आला. मग त्याने आपला उजवा हात वर केला, राजाकडे पाठ केली, मान वळवून पाहिलं, हात बदलला, स्वतःभोवती एक फेरी मारली. काळुरामने विडी विझवली. "हे पाव्हनं आजारी हाईत काय?" त्याने विचारलं.

"नाय," आवडाबाई म्हणाली. "हिशेब करतायत."

शेवटी पंढरी थांबला. "तू हितं बसली होतीस," तो म्हणाला.

"हितंच."

"मना काय म्हायती."

"इचारलात कदी?"

तो जमिनीवर बसला. तीही बसली. पडद्यावर झुडूप हललं आणि वाघ आला. ओल्या कापडातून झिरपून आलेला उजेड इकडे मंद होता. काड्या दिसत नव्हत्या, दोरी दिसत नव्हती, लोंबणारा डोळा एक चमकणारा ठिपका झाला होता. अंधारातून एक मोठं, पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी उठलं आणि अंगावर आलं. पंढरीने आवडाबाईचं मनगट धरलं.

"हा," तो म्हणाला. "हाच तो वाग."

आवडाबाईला ठाऊक होतं की हा तो वाघ नाही. किंवा तोच होता, आणि तेव्हाही पेंढ्याचाच होता, तेव्हाही त्याला कुणीतरी दोरीने ओढत होतं. पण तेव्हा हा माणूस वीस वर्षांचा होता. त्याने त्याआधी हलणारं चित्र पाहिलं नव्हतं आणि पडद्याच्या पलीकडे कुठेतरी आपली नवी बायको बसली आहे हे त्याला माहीत होतं. तीही सोळाची होती आणि तिलाही माहीत होतं. त्या वयात पेंढ्याचा काय, चिंध्यांचा वाघ आला असता तरी काळजाने असाच ठोका चुकवला असता. ते काळीज मालकाच्या पेटीत नव्हतं, ते कुणी तळातून काढून आणू शकत नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि तिने मनगट सोडवून घेतलं नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं होत आली होती, पण शेजारी बसून सिनेमा ते आज पहिल्यांदाच बघत होते. शेवटी पाट्या आल्या त्या सगळ्या उलट्या अक्षरांत होत्या. दोघांनाही सुलट्याही वाचता येत नसत, त्यामुळे काही बिघडलं नाही.

ओहोटीबरोबर होडी परत निघाली. माणसं भलतीच खुशीत होती. राघोने वल्ह्यावरून विषय काढलाच. "काय मग काकी, आता चुलीवरून आवाज नाय हां. सगल्यांनी बगला."

ठरल्याप्रमाणे चार माणसांत बोलायची पाळी आता दुसऱ्या कुणाची होती, आणि तो बोलेल की नाही याची आवडाबाईला खात्री नव्हती. तंबूच्या मागे कबूल करणं वेगळं, होडीत वेगळं.

पंढरी उभा राहिला. होडी एका अंगाला कलली आणि दोन बायका ओरडल्या.

"राजा डावा होता," तो म्हणाला. "आवडा खरी. मी खोटा."

सगळी होडी हसली, अठ्ठावीस वर्षांपूर्वी हसली होती तशीच. गोपीनाथ म्हणाला, "बा, आमी सगले होतो तिथं. उजवा होता."

"समोरून उजवा. मागून डावा."

"मग उजवाच ना."

"मी सांगतो काय, आयका." पंढरीने खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही हातांनी आडवा धरला. "हा पडदा. हिकडून मी. तिकडून..." वाऱ्याने पंचा त्याच्या तोंडावर आला. तो बाजूला करताना होडी आणखी कलली. राघो ओरडला की काका, खाली बसा, नायतर सगल्यांना खाडीचा तळ मागून-पुढून बगायला मिलंल. माणसांचं हसून पोट दुखायला लागलं. काकांना वाघाचा धक्का बसलाय, असं कुणीतरी म्हणालं. पंढरी पंचा हातात धरून तसाच उभा होता. खरं बोलत असून लोक हसतात तेव्हा माणूस कसा दिसतो, ते आवडाबाईला आजवर आतून माहीत होतं. बाहेरून ती आज पहिल्यांदा बघत होती.

"आनि मी म्हनतो," राघो डोळे पुसत म्हणाला, "सिनेमा मागून बगतो कोन?"

"आमी," आवडाबाई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण होडी गप्प झाली.

"आमी बगायचो. बायांना मागं बसवत. मी मागून बगला म्हनून मना डावा दिसला. ह्यांनी आज मागं येवन बगला, ह्यांनापन दिसला. आता बसा तुमी," हे शेवटचं नवऱ्याला.

पंढरी बसला. कुणी हसलं नाही. बायकांपैकी एक म्हातारी जराशाने म्हणाली, की हो, आमचे आयला पन मागंच बसवलेला, ठाण्याला. मग गोपीनाथने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "म्हंजे आये," तो सावकाश म्हणाला, "तुना राजा खराच डावा दिसला. मग आजी म्हनायची ते खरा. तुज्या सिनेमामुलंच मी डावा झालो."

एवढा निकाल लागला, आणि त्यातून ही एक गोष्ट नेमकी ठमाबाईच्या बाजूची निघाली. वर बसून म्हातारी पदराआड हसत असणार.

देवीला दोन नारळ मात्र तिने दिले. हात कुणी बदलला नव्हता हे खरं, पण बोललेलं बोललेलं.

पुढच्या शिमग्याला अंगणात दरवर्षीपेक्षा जास्त माणसं जमली. वाघाची गंमत सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती, त्यामुळे आता पंढरी काय सांगणार याची उत्सुकता होती. पंढरीने काहीही कमी केलं नाही. वाघ आला तो रेड्याएवढा आला, डोळे निखाऱ्यासारखे, आणि गंमत अशी की आधी तोंड दाबून बसलेली माणसं हळूहळू पुढे सरकली आणि राघोनेसुद्धा श्वास रोखून धरला. मग पंढरीने कालथा उचलला. उजव्या हातात. तो थांबला, आत चुलीकडे बघितलं, आणि कालथा डाव्या हातात घेतला.

"आनि राजान असा हात उचलला..."

"उजवे हातान," चुलीपासून आवाज आला. "मी समोरून बगलाय."

"डावे हातान," पंढरी म्हणाला. "मी मागून बगलाय."

"उजवे."

त्या दिवशी तिची एकही भाकरी करपली नाही.